तुम्ही विचारलंत म्हणून: ती आफ्रिकन कोळंबी घरी कशी करते

घरी जेवून गेलेली माणसं, ऑफिसातल्या मैत्रिणी, बिल्डिंगमधल्या दोघीतिघी, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, ती तुमची तिखटजाळ आफ्रिकन कोळंबी आहे ना, तिचा मसाला कुठे मिळतो? क्रॉफर्ड मार्केटला का ऑनलाइन मागवता? तर एकदाचं लिहूनच टाकते. मसाला कुठेच मिळत नाही, कारण त्यात मसाला नाहीच आहे. मिरची, लसूण, लिंबू, मीठ, तेल, शेवटी जरा बटर. बास. हे सांगितलं की समोरची हमखास म्हणते, "चल, लपवतेयस तू काहीतरी."

आता आधी ते आफ्रिकन. चोपन्न देशांचा खंड आहे तो, त्याला एकच कोळंबी कशी असेल. घानात शितो करतात, सुकी मासळी, सुकी कोळंबी, आलं, मिरची असं सगळं तेलात परतत परतत पार काळपट होईपर्यंत शिजवतात आणि भाताशी, कशाशीही खातात. नायजेरियात बारीक सुकी कोळंबी कुटून रस्सा-भाजीत घालतात, म्हणजे आपला जवळाच म्हणा ना, पण आपण जवळ्याचं कालवण करतो आणि ते त्याची पावडर मसाल्यासारखी वापरतात. ट्युनिशियाकडे हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी. मी जी करते ती मोझांबिकची, पिरी-पिरी कोळंबी. धाकटा दीर तिकडे मापुतोला नोकरीला होता, त्याने येऊन करून दाखवली आणि मग ती घरचीच झाली. मापुतो म्हणजे पूर्वीचं लोरेन्सो मार्क्स, १९७५ ला देश पोर्तुगीजांपासून सुटला आणि पुढच्या वर्षी शहराचं नाव बदललं, तरी शेजारच्या साउथ आफ्रिकेतली जुनी माणसं अजूनही एलएम प्रॉन्स म्हणूनच ही डिश मागतात.

आणि मसाला बाहेरून का मागवावा लागत नाही, त्याचं कारण मला फार आवडतं. मिरची मूळची ना त्यांची ना आपली, ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून दोन्हीकडे आली. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार चालायचा कुठून, तर गोव्यातून! आपली मुंबई आणि वसईसुद्धा तेव्हा त्यांच्याच ताब्यात होती की, मुंबई १६६१ ला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात इंग्रजांना आंदण गेली आणि वसई चिमाजीअप्पांनी १७३९ ला घेतली. गोव्याचं काफ्रेआल चिकनही मोझांबिककडूनच आलं असं मानतात. कोळंबीचं तर विचारूच नका, मोझांबिकच्या सोफाला बँकवर जी पांढरी कोळंबी मोठ्या प्रमाणात पकडतात तिचं शास्त्रीय नावच पेनिअस इंडिकस, तीच जात आपल्या किनाऱ्यावरही मिळते. समुद्रही एकच, नुसता ह्या काठाला आपण आणि त्या काठाला ते. म्हणून म्हणते, दादरच्या बाजारात सगळं आहे, पाकीट शोधू नका.

पाकिटावरून आठवलं. हल्ली फ्राइजवर, मोमोवर, मखाण्यावर, वडापाववरसुद्धा जी पेरी-पेरी पावडर भुरभुरतात ना, ती ह्यात घालायची नाही. त्यात बहुतेक साखर असते, कांद्याची पावडर असते, आंबटपणाला काहीतरी घातलेलं असतं, तव्यावर ती साखर आधी जळते आणि कोळंबी नंतर शिजते. फ्राइजवर खा खुशाल, मीही खाते.

कोळंबी घेताना मात्र चिकटपणा करू नका. मोठीच हवी, अर्ध्या किलोत पंधरावीस बसतील अशी, आणि डोक्यासकट, सालासकट. करंदी ह्या कामाची नाही, तिची भजी करा. डोकं धडाला घट्ट बसलेलं असावं, लोंबत असेल किंवा काळं पडलं असेल तर पुढच्या पाटीकडे वळा. आणि कोळीण सवयीने सोलायला घेते, तिला आधीच सांगायचं, मावशी सोलू नका, नुसती पाठ चिरून काळा दोरा काढा. आमची मावशी दर वेळी विचारते, "सालासकट काय करतंस बाय?" आणि दर वेळी मान हलवते. घरीच करायचं तर कात्रीने पाठीवरून शेपटीपर्यंत साल कापायची, दोरा ओढून काढायचा, मग सुरीने जरा खोल चीर देऊन पुस्तकासारखी उघडायची. मिरची आत त्या चिरेतून जाते. साल का ठेवायची तर तापलेल्या तव्याचा चटका ती घेते, मांस आत रसरशीत राहतं. आणि डोक्यात जो केशरी ऐवज असतो तो तेलात उतरला की त्या तेलाला जी चव येते ती कुठल्याच मसाल्याने येत नाही. डोकं टाकून देणार असाल तर खरंच करू नका, त्यापेक्षा आपली मालवणी करा, ती सोललेल्या कोळंबीची उत्तम होते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा फ्रोझन चालते. ती बहुतेक शेततळ्यातली व्हॅनामाय असते, चवीला जरा गोडसर, पण चालते. रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा, गरम पाण्यात टाकून वितळवू नका. ताजी असो की फ्रोझन, कपड्याने टिपून कोरडी करायचीच, ओली कोळंबी तव्यावर भाजत नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते आणि मग तुम्ही मला फोन करता की तुझ्यासारखी झाली नाही.

मिरची. तिकडची पिरी-पिरी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, वर तोंड करून वाढणारी आणि भयंकर तिखट. माटुंग्याला केरळी दुकानांत कांथारी मिळाली तर ती घ्या, ती तिची सख्खी बहीण. नाही मिळाली तर लालबागच्या मिरची गल्लीतली सुकी लवंगी. अर्धा किलो कोळंबीला मी आठदहा लवंगी गरम पाण्यात भिजवते, दोन काश्मिरी किंवा बेडगी फक्त रंगासाठी, दहाबारा लसूण पाकळ्या, खडं मीठ, आणि हे सगळं खलबत्त्यात कुटते. मिक्सरमध्ये एकदम गंध होतो, मला ते आवडत नाही, जरा ओबडधोबड हवं. त्यात पाव वाटी तेल. तमालपत्र तिकडे घालतात पण ते वेगळ्या झाडाचं, आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास येतो आणि एकदम पुलावाची आठवण होते, म्हणून मी घालतच नाही.

हे वाटण कोळंबीला चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये. लिंबू आत्ता नाही हं! लिंबाचा रस तासभर लागून राहिला तर कोळंबीचं मांस आधीच पांढरं, घट्ट होतं आणि तव्यावर गेल्यावर रबर. एका लिंबाचा रस भाजायच्या दहा मिनिटं आधी, दुसऱ्याचा अगदी शेवटी.

तिथे कोळशावर भाजतात. आपल्या फ्लॅटमध्ये कोळसा कुठला, त्यामुळे बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवायचा. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, मिरचीचा ठसका जिन्यापर्यंत जातो आणि शेजारी शाकाहारी असतील तर संबंध टिकवायला आधी सांगून ठेवलेलं बरं. वाटण जरा निपटून कोळंबी तव्यावर, चिरलेली बाजू आधी खाली, चारपाचच एका वेळी. गर्दी केली की तवा गार पडतो. दोन मिनिटं एक बाजू, दीडदोन मिनिटं दुसरी. इंग्रजी सी सारखी वळली की झाली, गोल ओ सारखी झाली की जास्त झाली, इतकं सोपं आहे. मग गॅस बारीक, तव्यावर दोन चमचे बटर, ठेचलेला लसूण, उरलेलं वाटण, आणि हे वाटण चांगलं खदखदू द्यायचं कारण ते कच्च्या कोळंबीला लागलेलं असतं. लसूण तांबूस होण्याआधीच लिंबू पिळायचं, लसूण जळला की सगळं कडू. हे सगळं कोळंबीवर ओतायचं आणि लगेच ताटात.

आणि आता काय घालायचं नाही. हळद नाही. आलं नाही. कोकम नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर वरून भुरभुरायची नाही आणि रवा तर अजिबात नाही. आपला हात शिवशिवतो, मला माहितेय, मासळी दिसली की हळद-आगळ लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माझ्या सासूबाईंनी हळू आवाजात "चिमूटभर तरी घाल" असं म्हणून पाहिलंय. पण हळद घातली की ती तव्यावरची मालवणी होते, चांगली होते, पण ही नाही राहत. नारळाचं म्हणाल तर तिकडे नारळ खातात, भरपूर खातात. ज्या कसाव्यापासून साबुदाणा होतो त्याची पानं कुटून शेंगदाणे आणि नारळाच्या दुधात शिजवतात, मटापा म्हणतात त्याला, त्यातही कोळंबी असते. पण ती वेगळी डिश आहे, ह्यात मिरचीला कोणी थोपवायचं नाही.

मुलांसाठी चारपाच कोळंब्या वेगळ्या ठेवा, नुसतं लसूण-मीठ-बटर. काश्मिरीच वापरून फिकी करू नका सगळी, निम्मी गंमत जाते.

सोबत पाव. पाव तिकडेही पोर्तुगीजांचाच, तेल पुसून घ्यायला लागतोच. किंवा साधा पांढरा भात. सोलकढी मी ठेवत नाही, पण आमच्याकडे एक माणूस ती वाटी घेऊनच बसतो. खायची हाताने, साल दातांनी सोडवत, डोकं चोखत, पाहुणे सुरीकाटे मागायला लागले तर मी सरळ नाही म्हणते.

उरलेलं कच्चं वाटण, म्हणजे कोळंबीला न लागलेलं हं, थोडं व्हिनेगर घालून बाटलीत भरा आणि फ्रीजमध्येच ठेवा, आठवड्याभरात संपवा, तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. चिकनला चालेल का हाही प्रश्न येतोच, तर चालतं, लिंबासकट रात्रभर लावून ठेवलं तरी चालतं, तिथे रबर व्हायची भीती नाही. पनीरला लावून कोणी पाहिलंय का ते मात्र मला नका विचारू, मी लावणार नाही.