जुनी शिडाची नौका पारखताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बोटयार्डात गेल्या महिन्यात मी १९७४ साली बांधलेली, २६ फुटी फायबरग्लासची शिडाची नौका पाहिली. तळाखाली दोन कील, म्हणजे पात्यासारखे दोन उभे पंख, असल्यामुळे ती ओहोटीच्या वेळी चिखलात सरळ उभी राहते, आणि मालकाने किंमतही साडेसहा हजार पौंडच सांगितली होती. तेव्हा मन अर्धे तिथेच विरघळले होते.

ताजा रंग आणि नव्या गाद्या यांकडे मी मुद्दाम दुर्लक्ष केले. प्लास्टिकच्या हलक्या हातोडीने डेक वीत-वीत ठोकत गेलो, तेव्हा सर्वत्र टणक टकटक उमटत असताना डोलकाठीच्या पायथ्याशी आवाज एकाएकी बद्द झाला. फायबरग्लासच्या दोन थरांमधील बाल्सा लाकडात पाणी मुरल्याची ही खूण. तळावरचा एक फोड परवानगीने टोचला, तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. हे ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये हळूहळू पाणी झिरपून फोड येणे; त्याने नौका सहसा बुडत नाही, खिसा मात्र बुडतो.

खरी काळजी डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांची होती. त्या वरून चकचकीत दिसल्या तरी टोकांच्या सांध्यांत बारीक तडे दडलेले असू शकतात, आणि त्या शेवटच्या केव्हा बदलल्या याची पावती मालकापाशी नव्हती. इंजिन व शिडे ठीक होती.

तारा आणि डेक यांचा अंदाजे खर्च वजा करून, सर्व्हेअरच्या तपासणीच्या अटीवर मी तीन हजार पौंड देऊ केले आहेत. मालक दुखावले, पण अद्याप नाही म्हणालेले नाहीत.