न्यूयॉर्कची सिंहवाली लायब्ररी आणि बाबांचे कमिटीवाले प्रश्न

न्यूयॉर्कला आलेली मंडळी आधी स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि टाइम्स स्क्वेअर उरकतात, आमच्या बाबांनी मात्र विमानात बसायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की मला ती सिंहवाली लायब्ररी, म्हणजे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, बघायचीय, बाकी तुम्ही न्याल तिकडे येतो. ताई जर्सी सिटीत राहते, तिथून पाथ ट्रेनने ३३ व्या स्ट्रीटला उतरायचं आणि मग ४२ व्या स्ट्रीटपर्यंत रमतगमत चालायचं. बाबा बरीच वर्षं आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह होते, त्यामुळे त्यांच्याबरोबर लायब्ररी बघणं म्हणजे ऑडिटरला घेऊन हॉटेलात जेवायला जाण्यासारखं आहे, प्रत्येक गोष्टीला "हे कोणाच्या पैशातून?" हा प्रश्न ठरलेला.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी सिंह, दक्षिणेकडचा पेशन्स आणि उत्तरेकडचा फॉर्टिट्यूड. ही नावं १९३० च्या दशकातल्या मंदीत महापौर ला गार्डिया यांनी दिली, त्याआधी लोक त्यांना लिओ अ‍ॅस्टर आणि लिओ लेनॉक्स म्हणायचे. मला विचाराल तर जुनीच नावं जास्त कामाची, कारण लायब्ररीची कुळकथा त्यातच आहे. अ‍ॅस्टर म्हणजे जॉन जेकब अ‍ॅस्टर, फरच्या व्यापारात गब्बर झालेला माणूस, त्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या ४ लाख डॉलरमधून अ‍ॅस्टर लायब्ररी उभी राहिली आणि १८५४ मध्ये उघडली. येऊन वाचा, पण पुस्तक घरी न्यायचं नाही. लेनॉक्स हा दुर्मिळ पुस्तकांचा वेडा, गुटेनबर्ग बायबलची (युरोपात खिळे जुळवून छापलेलं पहिलं मोठं पुस्तक) अमेरिकेतली पहिली प्रत १८४७ मध्ये त्यानेच आणली, त्याच्या लायब्ररीत तर सामान्य माणसाचं कामच नव्हतं. पुढे दोन्हीकडे पैशांची ओढाताण सुरू झाली. आणि तिसरे सॅम्युअल टिल्डन, १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लोकांची मतं जास्त मिळूनही हरलेले, त्यांनी मोफत लायब्ररीसाठी इस्टेट ठेवली तर नातेवाईक कोर्टात गेले (हे ऐकून बाबा खुश, "म्हणजे सगळीकडे सारखंच") आणि भांडून भांडून शेवटी साधारण २४ लाख डॉलर हाती लागले. ह्या तिघांची मोट १८९५ मध्ये बांधली गेली आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी झाली.

बाबांनी लगेच हिशोब लावला, "आपलं नाशिकचं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० चं, म्हणजे ह्यांच्या आधीचं." म्हटलं हो बाबा.

जागा शहराने दिली. इथे आधी क्रोटन रिझर्व्हॉयर होता, शहराला पाणी पुरवणारा मोठा हौद, भिंती ५० फूट उंच. तो पाडून ही बिल्डिंग उभी केली, आणि आत साऊथ कोर्ट नावाच्या भागात जिन्याजवळ त्या हौदाच्या पायाचे ओबडधोबड दगड अजून दिसतात, गुळगुळीत संगमरवराच्या मधेच. बाबा हात लावून बघून आले. २३ मे १९११ ला अध्यक्ष टॅफ्ट यांच्या हजेरीत उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी दारं उघडली तर ३० ते ५० हजार लोक लोटले. पुस्तकासाठी आलेली पहिली चिठ्ठी एका रशियन पुस्तकाची होती आणि ते सहा मिनिटांत टेबलावर आलं म्हणतात. सहा मिनिटं! आमच्याकडे शिपाई चहाला गेला असला तर विचारूच नका.

आता बाबांचा मुख्य प्रश्न, हे सरकारी आहे का? तर नाही, आणि हे मलाही माहीत नव्हतं. नावात पब्लिक असलं तरी ही एक खासगी ना-नफा संस्था आहे, तिचं विश्वस्त मंडळ आहे, बिल्डिंग शहराच्या मालकीची, मोहल्ल्यातल्या शाखा मुख्यतः शहराच्या पैशावर चालतात आणि संशोधनाच्या भागासाठी देणगीदार शोधावे लागतात. म्हणजे आपल्याकडे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ ब क ड वर्गातली वाचनालयं चालतात तसंच, संस्था आपली, अनुदान वरून. अनुदान कापलं की इथेही बोंब, २०२३ च्या नोव्हेंबरात शहराने बजेटला कात्री लावली तर रविवारी लायब्ररी बंद, २०२४ मध्ये पैसे परत मिळाले तेव्हा सुरू. आणि देणगीदाराची पाटीही आहेच, १० कोटी डॉलर दिले म्हणून २००८ मध्ये अख्ख्या बिल्डिंगला स्टीफन श्वार्झमन यांचं नाव. बाबा म्हणाले, आमच्याकडे पंख्यावर नाव टाकतात.

तिसऱ्या मजल्यावरची रोझ मेन रीडिंग रूम जवळपास ३०० फूट लांब आहे. दारात गार्ड, नुसते फोटो काढणाऱ्यांना तो बाहेरूनच कटवत होता, पण भाची मॅनहॅटनमध्ये नोकरी करते त्यामुळे जर्सीत राहूनही तिच्याकडे कार्ड आहे आणि तिने एक पुस्तक आधीच मागवून ठेवलेलं, मग आम्ही तिच्या मागे गुपचूप. लांबलचक ओक टेबलं, पितळी दिवे, छतावर रंगवलेले ढग. २०१४ मध्ये ह्या छताचा प्लास्टरचा एक गुलाब रात्री खाली पडला, नशिबाने खोलीत कोणी नव्हतं, मग दुरुस्तीत २०१६ उजाडलं. पुस्तकं कुठून येतात तर शेजारच्या ब्रायंट पार्कच्या हिरवळीखालून! खाली दोन मजल्यांत सुमारे ४० लाख पुस्तकांची सोय आहे आणि तिथून छोट्या लाल डब्यांची गाडी रुळावरून पुस्तकं वर आणते, उभ्या चढावर सुद्धा. रीडिंग रूमच्या बरोब्बर खाली मात्र लोखंडी रॅकचे सात मजले आहेत, तेच वरच्या खोलीचा भार पेलतात, आणि ते २०१३ पासून रिकामे. ते तोडून तिथे नवीन लायब्ररी करायचा प्लॅन होता, लेखक आणि अभ्यासक रस्त्यावर उतरले, कोर्टकज्जे झाले आणि २०१४ मध्ये प्लॅन गुंडाळला. कमिटीवाल्या माणसाला हे सगळं अगदी घरचं वाटलं.

आणि हे ऐका. चेस्टर कार्लसन नावाचा एका कंपनीच्या पेटंट खात्यातला माणूस, नकला करून करून हात दुखायचे म्हणून १९३० च्या दशकात ह्याच लायब्ररीत बसून वाचत राहिला आणि २२ ऑक्टोबर १९३८ ला क्वीन्समध्ये त्याने पहिली कोरडी कॉपी काढली. तेच आपलं झेरॉक्स. कॉलेजची सगळी वर्षं दुसऱ्याच्या नोट्सवर काढलेल्या माणसाने इथे नमस्कार करायला हवा, मी केला.

पण खरं सांगू, महालापेक्षा मला समोरची शाखा आवडली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने १९०१ मध्ये शाखांसाठी ५२ लाख डॉलर दिले, अट एकच, जागा आणि रोजचा खर्च शहराने बघायचा, त्यातून शहरभर शाखा झाल्या. ही स्टाव्ह्रोस निआर्कोस शाखा त्यातली नाही, नवीन आहे, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की लगेच. इथे कोणी झोपलंय, कोणी रिझ्युमे टाइप करतंय, एक बाई मोठ्यांदा इंग्लिश वाक्यं घोकतेय. पुस्तक उघड्या कपाटातून घ्या आणि घरी न्या, वर्गणी नाही, अनामत नाही, आणि ऑक्टोबर २०२१ पासून लेट फी पण नाही, कारण दंडापायी सुमारे ४ लाख लोकांची कार्डं अडकली होती आणि त्यात गरीब वस्त्यांतलीच जास्त. बाबांना हे काही पटेना. "दंड नाही तर पुस्तक परत कोण आणेल?" भाची म्हणाली, "आबा, पुस्तक हरवलं तर त्याचे पैसे घेतात, उशिराचे नाही." ह्यावर त्यांचा वाद गच्चीपर्यंत चालला.

हो, गच्ची! सातव्या मजल्यावर आहे, फुकट आहे, कार्ड विचारत नाहीत आणि पाय दुखत असतील तर बसायला खुर्च्या. शेजारी कॅफे आहे पण चहा पाणचट.