उजव्या कानाचं माप

माझे दोन कान एका मापाचे नाहीत, हे मला कळायला एकेचाळिसावं वर्ष उजाडलं. सांगितलं तेही डॉक्टरने नव्हे, पणजीच्या १८ जून रस्त्यावरच्या एका दुकानदाराने.

रोज फोंडा ते पणजी बसने जाते. फर्मागुडीचा चढ आला की पर्समधून आगपेटीएवढा म्युझिक प्लेअर निघतो. त्याच्यासोबत आलेले इअरफोन कडक प्लास्टिकचे, म्हार्दोळ येईस्तोवर कान ठणकायला लागायचे. शिवाय ते कानात नुसते टेकलेले, त्यामुळे इंजिनाची घरघर आणि कंडक्टरची हाकाटी सगळी आत. मग आवाज वाढवायचा, आणखी वाढवायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, ९० ला फक्त ४. माझे येऊन-जाऊन १० तास होतात.

म्हणून बाराशे रुपये घालून कानात आत बसणारे, रबरी टोकांचे घेतले. घरी येऊन लावले तर तंबोरा पत्र्याच्या डब्यात वाजतोय! उजवीकडचा तर मान वळवली की सुटायचा. दोन आठवडे त्या इअरफोनला शिव्या घातल्या आणि परत करायला निघाले.

दुकानदाराने वाकून माझ्या कानाकडे पाहिलं. "मॅडम, तुमचो उजवो कान ल्हान." खोक्यातली लहान-मोठी जास्तीची रबरं कुठे आहेत, विचारलं. ती घरी ड्रॉवरात, पिशवीही न फोडता पडलेली. त्याने आपल्याकडचं एक लहान रबर उजवीकडे चढवलं, कान वर-मागे ओढून बसवायला सांगितलं, आणि खर्जाचा षड्ज एकदम जमिनीवर आला. फट राहिली की पहिल्यांदा खालचे स्वरच गळतात.

तेव्हापासून इअरफोन तपासायची माझी रीत ठरली आहे: गायिका केसरबाई केरकर. आमच्या तालुक्यातल्या केरीच्या, ज्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, त्याच. त्यांच्या जुन्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तेच. आवाज बरोबर कपाळामागे, मध्यावर उभा राहायला हवा. डावीकडे सरकला तर उजवं रबर सैल. तीक्ष्ण आवाजाच्या इअरफोनवर तबकडीची खरखरच पुढे येते आणि बाई मागे राहतात. असा जोड कितीही महागाचा असो, मी घेत नाही.

खोक्यावरचे ओहम, म्हणजे इअरफोन विजेला किती अडवतो तो आकडा, बघा, पण फार डोकं लावू नका. छोट्या प्लेअरला १६ किंवा ३२ पुरे. स्टुडिओतला अडीचशे ओहमचा हेडफोन त्यावर पुटपुटतो. वायर कानावरून मागे घेतली तर पदराला घासल्याची खसखस आत येत नाही. फोमची टोकं मऊ खरी, पण आपल्या जूनमध्ये घाम पिऊन बसतात. सिलिकॉनची बरी, रात्री साबणाने धुऊन खिडकीत ठेवली की झालं.

आता तक्रार कंडक्टरची आहे. तो तिकिटाचे पैसे मागतो ते मला ऐकू येत नाही. परवा भोमला शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं, सगळी बस माझ्याकडे बघत होती.