सासूबाईंच्या आजोबांचा जेल शोधायला गेलो त्याची गोष्ट (क्यू आणि रिचमंड)

माझ्या सासूबाई यॉर्कशरच्या. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात जेलमध्ये होते एवढंच घरात माहीत, का होते ते कोणी सांगायचं नाही, विषय निघाला की कोणीतरी चहा टाकायला उठायचं. (हे अगदी आपल्याकडच्यासारखंच!) शेवटी यंदा म्हटलं चला, आपणच शोधू.

चोरीबिरी काही नव्हती. १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीची सैन्यभरती आणली, तेव्हा माणूस मारणं मनाला पटत नाही म्हणून हजारोंनी नकार दिला, त्यांना कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर म्हणायचे आणि चिडवायला 'कॉन्शी'. आधी ट्रायब्युनलपुढे (भरतीतून सूट द्यायची की नाही ते ठरवणारी समिती) सुनावणी, तिथे अर्ज फेटाळला की पोलीस पकडून सैन्याच्या ताब्यात देणार, मग युनिफॉर्म घाल म्हटलं की हा नाही म्हणणार, की कोर्ट मार्शल आणि सक्तमजुरी. सुटला की परत तोच हुकूम, परत नकार, परत जेल.

आमची चूक अशी झाली की आम्ही जेलची रजिस्टरं शोधत बसलो. महिना गेला त्यात. खरं तर कायद्याच्या लेखी हा माणूस सैनिकच होता, त्यामुळे तो सापडतो सैन्याच्या दप्तरात! लंडनला क्यूमध्ये नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, तिथे डब्ल्यूओ ८६ या क्रमांकाची कोर्ट मार्शलची रजिस्टरं मागवा. ट्रायब्युनलच्या कागदांची फार आशा धरू नका, १९२१ मध्ये सरकारनेच ते नष्ट करायला सांगितले, लंडनलगतच्या मिडलसेक्सचे तेवढे मुद्दाम ठेवले (दप्तराचा क्रमांक एमएच ४७, ऑनलाइन फुकट बघता येतात) आणि स्कॉटलंडमध्ये लोदियन-पीबल्सचे. तुमचं माणूस बाकी कुठलं असेल तर गावातले जुने पेपर बघा, सुनावण्या छापून यायच्या, पण बऱ्याचदा नाव न देता, म्हणून आधी पियर्स रजिस्टर, म्हणजे या कॉन्शींची यादी चाळा, त्यात जवळपास वीस हजार जणांची नोंद आहे आणि ते घरी बसून होतं.

क्यूला जायचं तर डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून चालत. रविवार-सोमवार बंद. रीडर्स तिकीट (मूळ कागद बघायचा पास) फुकट आहे पण नावाचा आणि पत्त्याचा असे दोन वेगवेगळे पुरावे लागतात, मी शहाणी पत्त्याचा घरीच विसरले आणि एक दिवस वाया गेला. कागद आधी ऑर्डर करून ठेवा. बॅगा लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. फोनने फोटो काढता येतात, त्याचे पैसे नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओळ सापडली. एकच ओळ, नाव, ठिकाण रिचमंड, हुकूम मोडला, ११२ दिवस सक्तमजुरी. नावापुढे 'प्रायव्हेट', म्हणजे साधा शिपाई, लिहिलेलं वाचून सासूबाई आधी हसल्या आणि मग बराच वेळ गप्प बसल्या.

मग रिचमंड. हे लंडनजवळचं नाही हं, नॉर्थ यॉर्कशरमधलं, तिकीट काढताना नीट बघा. किंग्ज क्रॉसवरून डार्लिंग्टन अडीचेक तास, पुढे बस, कारण गावात आता रेल्वे नाही. या कॉन्शींना तिथल्या किल्ल्यात कोंडायचे, त्या कोठड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं अजून आहे, नावं, भजनं, चित्रं. इथल्याच सोळा जणांना मे १९१६ मध्ये फ्रान्सला नेऊन फाशी नाही, गोळी घालायची शिक्षा सुनावली आणि मग ती बदलून दहा वर्षं केली. भिंती फार नाजूक झाल्यात, त्यामुळे आत सोडतीलच असं नाही, निघण्याआधी किल्ला सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेला विचारून घ्या. आम्ही बाहेरच उभे राहिलो, आणि मला वाटतं तेवढं पुरलं.

परतीच्या बसच्या वेळा आधीच बघून ठेवा, आम्ही पळत पळत पकडली. बसल्या बसल्या सासूबाईंनी भावाला फोन लावला आणि डार्लिंग्टन येईपर्यंत आजोबांची सगळी कथा सांगितली, अख्ख्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.