लिंबू उडतं, मोगरा राहतो : रोजच्या परफ्यूमबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो : रोज लावायला लिंबासारखा ताजा, आत थोडा मोगरा-जुईचा वास असलेला आणि खिशाला परवडणारा परफ्यूम कोणता? आणि त्याच्या पाठोपाठ तक्रार : दुकानात फार छान वाटला, पण बडोद्याच्या रावपुऱ्यातून ऑफिसात पोहोचेपर्यंत लिंबू गायब. आधी तक्रारीचं उत्तर देते, कारण खरेदीचं सगळं त्यावरच ठरतं.

लिंबाचा वास टिकत नाही. महागड्या बाटलीतही नाही. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचंच एक फळ) यांच्या सालीच्या तेलात मोठा वाटा लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. संत्र्याच्या तेलात तर ९० टक्क्यांहून जास्त. लिमोनिन फार हलकं. अंगाच्या उबेवर ते साधारण पंधरा ते तीस मिनिटांत उडून जातं, आणि बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना त्याहूनही लवकर. मग उरतं ते फूल, आणि फुलाच्या खाली ठेवलेली कस्तुरी किंवा लाकूड. (ही कस्तुरी प्रयोगशाळेत बनलेली असते, हरणाची नव्हे.) म्हणजे साडेनऊला लावलेला परफ्यूम जेवणाच्या सुटीपर्यंत सोबत करतो तो फुलाच्या जोरावर. म्हणून बाटली लिंबावर भाळून घेऊ नका. दोन-अडीच तासांनी अंगावर जे उरलं असेल ते आवडलं, तरच घ्या.

हे दुकानात कसं करायचं? एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक बोथट होतं. आधी कागदी पट्टीवर मारून घ्या, पट्टीवर नाव लिहा, दहा मिनिटं थांबा. त्यातला एकच निवडून कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारा आणि बाहेर पडा. मंगळ बाजारातली बाकीची कामं उरका. अर्ध्या तासाने एकदा हुंगा, दोन तासांनी पुन्हा. मनगटावर मनगट घासू नका. घासल्याने ऊब वाढते आणि वरचा लिंबाचा थर आणखी लवकर जातो. दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, त्याचा फारसा उपयोग नाही. मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभं राहणं बरं.

आता फुलाकडे, कारण निवड खरी इथेच चुकते. पांढऱ्या फुलांचे सगळे वास एका जातीचे नाहीत. खंडेराव मार्केटमधून आणलेला मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी कळ्या उमलताना हुंगा : हिरवट, गार, किंचित फळासारखा. तोच गजरा सकाळी कडा तपकिरी झाल्यावर हुंगा : जड, गोड, थोडा कुबट. पांढऱ्या फुलांत इंडोल नावाचं द्रव्य असतं. एकटं हुंगलं तर ते डांबराच्या गोळीची आठवण देतं, पण कणभर असलं की फुलाला जिवंतपणा येतो. फूल शिळं होताना त्याची जड बाजू पुढे येते. परफ्यूममध्येही तसंच. निशिगंध आणि अनंत ज्यात पुढे आहेत तो परफ्यूम लग्नाच्या हॉलमध्ये शोभतो, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत, बंद केबिनमध्ये किंवा भरल्या बसमध्ये शेजारच्याचं डोकं धरतो. रोजच्यासाठी जुई, मोगऱ्याची कळी किंवा नारिंगाचं फूल म्हणजे नेरोली, हे मला सगळ्यांत योग्य वाटतं.

स्वस्त म्हणजे नकली फूल, असा एक गैरसमज आहे. पाच-सातशेच्या बाटलीत जाईचा खरा अर्क नावापुरताही नसेल, हे खरं. तो फार महाग असतो. पण अनंताचा वास तर महागड्या बाटल्यांतही बहुधा जुळवलेलाच असतो. शिवाय जाईसारखा वास देणारं हेडिओन नावाचं द्रव्य आता कारखान्यात बनतं. १९६६ साली डिओर या फ्रेंच कंपनीच्या ‘ओ सोवाज’ परफ्यूममध्ये ते वापरलं गेलं आणि तेव्हापासून लिंबाच्या ताजेपणाला हवेशीर जाईची जोड मिळाली. आज स्वस्त परफ्यूममध्येही ते सर्रास असतं, आणि म्हणूनच कमी पैशात ही जोडी बरी जमते.

बिघडतं ते लिंबाच्या बाजूला. नुसतं तिखट लिंबू आणि खाली काहीच नाही, असं असलं की वास थेट भांड्यांच्या साबणाकडे जातो. कारण तिथेही हीच द्रव्यं असतात आणि आपलं नाक ती ओळख विसरत नाही. त्यासाठी डब्यावर वासांची नावं छापली असतील तर बर्गमॉट, ग्रेपफ्रूट किंवा पेटिटग्रेन शोधा. पेटिटग्रेन हे कडू नारिंगाच्या पानांचं आणि कोवळ्या काड्यांचं तेल. त्यातला कडसरपणा साबणाची आठवण पुसतो आणि लिंबापासून फुलापर्यंत वास नीट नेतो. फुलाचं टोक बिघडलं की द्राक्षाच्या गोळीसारखा वास येतो, तोही टाळावा.

नाव सांगाच म्हणाल तर दोन. एलिझाबेथ आर्डनचा ‘ग्रीन टी’, १९९९ चा : लिंबू, बर्गमॉट, चहाची पानं, आत जाई. फार टिकत नाही, पण जितका वेळ असतो तितका वेळ स्वच्छ असतो. दुसरा जर्मनीच्या कोलोन शहरातला ‘४७११’ : लिंबू, संत्रं, बर्गमॉट, नेरोली. हे ओ द कोलोन, म्हणजे अर्काचं प्रमाण अगदी कमी, त्यामुळे लवकर संपणारच. त्याला तळ आपण द्यायचा : मोगऱ्याच्या अत्तराचं एकच बोट मनगटाला, पाच मिनिटं थांबून वरून कोलोनचे तीन-चार फवारे. अत्तर तेलात असल्याने सावकाश उडतं आणि कोलोन गेल्यावर मोगरा शिल्लक राहतो. उलटं मात्र करू नका : तेलातलं ‘लेमन’ अत्तर घ्यायला जाल तर पस्तावाल. लिंबाला जी उसळी लागते ती अल्कोहोल उडताना मिळते. तेलात ते मंद आणि मेणचट वाटतं. समोर भरून देतात त्या सुट्या ‘फ्रेंच’ तेलांचंही तेच.

भारतीय ब्रँडही बघा. टायटनच्या ‘स्किन’सारख्यांच्या छोट्या बाटल्याही मिळतात. पहिल्यांदा नेहमी छोटीच घ्या.

किंमत बाटलीवरून मोजू नका, मिलिलिटरवरून मोजा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर जातो. म्हणजे ५० मिलिलिटरचे सुमारे ५०० फवारे. रोज सकाळचे चारच मारले तर चार महिने. ६०० रुपयांची बाटली रोज पाच रुपयांच्या आत पडते. बॉडी स्प्रे दीडशेला स्वस्त वाटतो, पण त्यात अर्क कमी, म्हणून दहा-बारा फवारे जातात आणि डबा महिन्यात संपतो. लेबलवर ‘ओ द परफ्यूम’ असेल तर अर्क साधारण १५ ते २० टक्के, ‘ओ द टॉयलेट’ असेल तर ५ ते १५. लिंबाच्या बाबतीत मी दुसराच सुचवेन. पहिल्यात तळ वाढवलेला असतो आणि ताजेपणा त्याखाली दबतो.

लावायची रीत अशी. अंघोळ झाली, अंग कोरडं केलं, की बिनवासाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. कोरड्या कातडीवर वास लवकर उडतो. मग १५ सेंटिमीटरवरून दोन फवारे छातीवर, कपड्यांच्या आत, आणि एकेक दोन्ही कोपरांच्या आत. काखेत नको. घामावर परफ्यूम मारला तर तिसराच वास तयार होतो. घामासाठी वेगळा, बिनवासाचा डिओडरंट. दुपारी दोन वाजता दोन फवारे पुन्हा मारावे लागतील, त्यासाठी ५ मिलिलिटरची छोटी कुपी पर्समध्ये ठेवा. ती काठोकाठ भरू नका, उन्हात फुगून गळते. आपल्याला वास येईनासा झाला म्हणून लगेच मारू नका. नाकाला त्याची सवय होते, समोरच्याला तो येतच असतो.

चंदेरी किंवा पैठणीवर थेट फवारा नको, पिवळा डाग राहतो. मोत्यांची नथ आणि तन्मणी परफ्यूम सुकल्यावरच घाला, नाहीतर मोत्याची झळाळी जाते. देवापुढे निरांजन लावताना फवारा मारू नका, अल्कोहोल पेट घेतं. आणि घरी लिंबाच्या सालीचं किंवा बर्गमॉटचं तेल खोबरेलात मिसळून मानेला लावून उन्हात स्कूटर चालवू नका. त्यातल्या बर्गाप्टेनसारख्या द्रव्यांमुळे उन्हात कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. चांगल्या कंपन्या बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादेत ठेवतात. कातडी नाजूक असेल तर आधी एक फवारा कोपराच्या आत मारून २४ तास बघा.

बाटली न्हाणीघरात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. ऊन आणि हवा लागली की लिमोनिन सगळ्यांत आधी बिघडतं आणि टर्पेंटाइनचा वास मारू लागतो. कपाटात, डब्यासकट ठेवा. नारिंगाच्या फुलाचा परफ्यूम काही महिन्यांनी पिवळसर झाला तर घाबरू नका. त्यातली द्रव्यं एकमेकांशी जुळताना तो रंग येतो. फक्त पांढऱ्या कपड्यांपासून तो जपा. पण पहिल्याच फवाऱ्यात लिंबाऐवजी रंगाच्या दुकानाचा वास आला, तर ती बाटली अंगाला लावू नका. बिघडलेल्या लिमोनिनने पुरळ येऊ शकतं.