तुम्ही विचारलंत म्हणून: एक स्पीकर हळू का वाजतो?

"डावा स्पीकर हळू वाजतोय, नवा घेऊ का?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा जिन्यातच गाठतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा. मी घेतला होता. लॅमिंग्टन रोडवरून नवी जोडी टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरला आले, जोडली, आणि डावीकडचा आवाज होता तितकाच बसलेला!

जे आधी करायला हवं होतं त्याला एक पैसा लागत नाही. अँप (स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर) बंद करा आणि त्याच्या मागे दोन्ही स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. लाल-काळी तेवढी उलटसुलट करू नका, नाहीतर खर्ज गायब होतो आणि भलतीच शोधाशोध सुरू होते. डावा स्पीकर तरीही हळूच वाजला, तर दोष त्याचा किंवा त्याच्या वायरीचा. उजवा हळू झाला, तर स्पीकर निर्दोष. दोष अँपमध्ये किंवा त्याच्याही आधी. मग वायरी पूर्ववत करून प्लेअरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची तशीच अदलाबदल करा. दोष बाजू बदलतो की नाही, एवढंच बघायचं: बदलला तर तो अँपच्या आधी, नाहीतर अँपमध्येच. गाणं मोबाइलवरून लावत असाल तर त्याच्या सेटिंगमधली डावी-उजवीची पट्टी आधी बघा, मुलांनी कधीतरी सरकवलेली असते.

माझ्याकडे चोर निघाला व्हॉल्यूमचा नॉब. त्याच्या आत दोन बाजूंसाठी दोन पट्ट्या असतात, त्यांवरून दोन टोकं घासत फिरतात. नव्या नॉबमध्येही अगदी कमी आवाजाला त्या दोन्ही तंतोतंत जुळतातच असं नाही. आवाज वाढवला की फरक मिटतो. त्यात आपली हवा खारट, दमट, वर धूळ. नॉब फिरवताना खर्र खर्र आलं की ओळखावं. दुरुस्तीवाल्याने झाकण काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवला. खरखर विरत गेली आणि डावीकडचा तबला एकदम समोर येऊन बसला. (झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.)

जागेचंही बघा. एक स्पीकर कोपऱ्यात कपाटाला चिकटलेला, दुसरा स्वयंपाकघराच्या उघड्या दाराशी, तर कोपऱ्यातला भारदस्त वाजणारच.

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मात्र यातलं काहीच लागू पडेना. काहीही बदललं तरी डावीकडे कमी. शेवटी त्यांना म्हटलं, "काका, खुर्ची फिरवा, पाठ करून बसा." बसले. तरी डावीकडेच कमी, म्हणजे आता उजव्या स्पीकरचा! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानातला मळ काढला. तोवर वायरी आम्ही तीनदा बदलून झालो होतो.