आधी मळमळ, मग अन्न: ठकूच्या आजारपणाचा अनुभव

आमची मांजर ठकू 16 वर्षांची असताना, गेल्या हिवाळ्यात, तिचे खाणे कमी होऊ लागले. एके दिवशी तिने अन्न सोडले असे काही झाले नाही. ती नेहमीच्या वेळी स्वयंपाकघरात यायची, ओट्याखाली ठेवलेल्या वाटीजवळ जायची, नाक खाली न्यायची, जिभेने ओठ चाटायची, कोरडा घोट गिळल्यासारखे करायची आणि मग मागे सरून भिंतीकडे तोंड करून बसायची. माशाचा प्रकार बदलला, वाटी बदलली, जागा बदलली, तरी हेच. त्याआधी काही महिने तिचे पाणी पिणे वाढले होते आणि वाळूच्या ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे दिसत होते. वजनही उतरत होते, पण अंगावर दाट केस असल्यामुळे ते डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळले. पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक करून लागत होते.

माझ्या सासूबाईंचे बालपण कोकणात गाईगुरांत आणि मांजरांत गेले आहे. त्या म्हणाल्या, "अगं, जनावर अन्नपाणी सोडतं तेव्हा त्याला कळलेलं असतं. आता तिला त्रास देऊ नकोस." हे त्यांनी मायेनेच सांगितले होते आणि त्यांनी पाहिलेल्या अनेक जनावरांच्या बाबतीत ते खरेही असेल. ज्या दवाखान्यात आम्ही आधी गेलो तिथेही जवळपास हेच ऐकायला मिळाले: वय झाले आहे, आवडेल ते द्या. ना रक्त तपासले गेले, ना तोंड उघडून पाहिले गेले. मला हे पटले नाही, कारण ठकू वाटीपर्यंत येत होती. ज्याला खायचेच नाही ते जनावर वाटीपर्यंत कशाला येईल?

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत जे सांगितले त्यावर पुढचे सगळे उभे राहिले. "ताई, ती नखरे करत नाहीये. तिला भूक आहे, पण मळमळतंय. आपण आधी मळमळ थांबवू, मग अन्नाचं बघू." ओठ चाटणे, घोट गिळणे, अन्नाचा वास घेऊन मागे सरणे ही मांजराच्या मळमळीची लक्षणे आहेत. उलटी झाली नाही म्हणजे मळमळ नाही, असे समजायचे कारण नसते.

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला एक टाकाऊ घटक, 4.4 आले. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे जे चार टप्पे पशुवैद्यक मानतात, त्यांत मांजरासाठी 2.9 ते 5.0 हा तिसरा टप्पा. फॉस्फरस वाढलेला होता, पोटॅशियम कमी होते आणि लघवी पाण्यासारखी पातळ होती. क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाते तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते, हे मला तेव्हा समजले. म्हणूनच म्हाताऱ्या मांजराचे रक्त आणि लघवी वर्षातून एकदा तरी, ते धडधाकट दिसत असतानाही, तपासून घ्यावे असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मूत्रपिंडे जे बाहेर टाकू शकत नाहीत ते रक्तात साठते, मेंदूत मळमळ निर्माण करते आणि तोंडात व्रणही पाडते. मॅडमनी ठकूचा जबडा हळूच उघडून दाखवला. जिभेच्या कडेला एक लालसर व्रण होता आणि श्वासाला उग्र, लघवीसारखा वास येत होता. पोट चाचपल्यावर आतड्यात कडक शौच साठलेले लागले. शरीरात पाणी कमी पडल्यामुळे बद्धकोष्ठता झाली होती. नुसत्या बद्धकोष्ठतेमुळेही मांजर खाणे थांबवते. म्हणजे 'खात नाही' या एका तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळी कारणे होती आणि त्यांतल्या प्रत्येकावर काही ना काही करता येण्यासारखे होते.

मांजराच्या बाबतीत 'वाट पाहू' म्हणणे फार धोक्याचे असते. माणसाला उपास सोसतो, मांजराला सोसत नाही. दोन-तीन दिवस पुरेसे अन्न पोटात गेले नाही, तर अंगातली चरबी यकृताकडे धावते. यकृताला ती पेलत नाही आणि ते स्वतःच चरबीने भरून जाते. लठ्ठ मांजरांना हा धोका अधिक असतो. कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. ठकूचे कान मी रोज सकाळी खिडकीजवळच्या उजेडात पाहत असे.

औषधे सुरू झाली. मळमळीसाठी आधी मॅरोपिटंटचे इंजेक्शन आणि मग घरी ओन्डान्सेट्रॉन, तोंडाच्या व्रणावर लावायचे जेल, शौचासाठी लॅक्टुलोज, पोटॅशियमची पूरक मात्रा आणि अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून टाकणारी पावडर. मळमळ थोडी ताब्यात आल्यावरच मॅडमनी भूक वाढवणारे मिर्टाझापिन दिले. माणसांना नैराश्यावर देतात तीच ही गोळी. मांजरासाठी तिचा अगदी लहान तुकडा लागतो आणि मूत्रपिंडे अधू असतील तर तो रोज न देता एक दिवसाआड द्यावा लागतो. अमेरिकेत 2018 पासून हेच औषध मांजराच्या कानाला आतून लावायच्या मलमाच्या रूपात मंजूर आहे. आम्हाला मिळाली ती गोळीच. पहिल्या रात्री ठकू घरभर फिरत मोठ्याने ओरडत राहिली. हा या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे हे आधी सांगितले गेले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. सकाळी मात्रा कमी करून घेतली. त्याच दिवशी दुपारी ती वाटीजवळ गेली, ओठ चाटले नाहीत आणि उकडलेल्या बोंबलाचा तुकडा खाऊन तिने दुसऱ्या तुकड्यासाठी वर पाहिले.

औषधांपेक्षाही अधिक फरक सलाईनने पडला, असे माझे मत आहे. मूत्रपिंडे पाणी धरून ठेवत नसल्यामुळे असे मांजर कितीही प्यायले तरी आतून कोरडेच राहते, आणि कोरडे पडलेले मांजर खात नाही. शिरेतून सलाईन द्यायला दवाखान्यात ठेवावे लागते. कातडीखाली मात्र घरीही देता येते. मॅडमनी माझ्याकडून ते आधी त्यांच्यासमोर करून घेतले. रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा आणि मग ती खिडकीच्या गजाला अडकवायची. ठकूला टॉवेलवर, माझ्याकडे पाठ करून बसवायचे. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलली की तिचा छोटा तंबू होतो. त्या तंबूच्या बुडाशी सुई आडवी सरकवायची आणि नळीची चकती उघडायची. सुई जाताना ठकूची पाठ किंचित थरथरायची, पण पाणी कोमट असले तर ती उठायची नाही. गार असले तर मात्र लगेच उठायची. शंभर मिलिलिटर गेल्यावर खांद्यावर मऊ उंचवटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो एका पुढच्या पायाकडे उतरून मग जिरायचा. किती द्यायचे आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, कारण हृदय अधू असलेल्या मांजराला जास्तीचे पाणी छातीत साठून घातक ठरू शकते. माझे यजमान सुईला घाबरतात. त्यांनी बाटलीवरच्या रेषांवर लक्ष ठेवण्याचे काम घेतले आणि ते शेवटपर्यंत चोख केले.

आता अन्नाविषयी. मूत्रपिंडाच्या आजारासाठी कमी फॉस्फरसचे खास अन्न मिळते आणि त्याचा उपयोग होतो. पण मांजराला मळमळत असताना ते सुरू करू नये, हे मॅडमनी निक्षून सांगितले होते. मळमळीत जे अन्न पुढे येते त्याचा वास मांजराच्या मनात त्या त्रासाशी जोडला जातो आणि नंतर बरे वाटू लागल्यावरही ते मांजर त्या अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून आम्ही ठकू खायला लागून काही आठवडे झाल्यावर ते अन्न तिच्या आवडीच्या माशात चिमूटभर मिसळत नेले. योग्य अन्न न खाण्यापेक्षा कोणतेही सुरक्षित अन्न खाल्लेले बरे, हा नियम आम्ही पाळला. अन्न कोमट करून दिले, कारण मांजर आधी वासाने जेवते आणि फ्रिजमधल्या अन्नाला वासच नसतो. खोल वाटीऐवजी सपाट बशी ठेवली. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर बशी उचलली. समोर पडून राहिलेल्या अन्नाचा वासही मळमळ वाढवतो. ज्यांच्याकडून बोंबील घेतो त्या कोळीण मावशी ठकूसाठी दोन लहान बोंबील वेगळे काढून ठेवत. आमच्या घरचे कालवण तिला कधीच दिले नाही, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या लाल पेशी फोडतात आणि अशा आजारात रक्त आधीच कमी होत असते. कोणी ग्लुकोजचे पाणी पाजायला सांगितले, पण मांजराला गोड चव कळतच नाही आणि त्याने तिची भूकही भागली नसती. कोणी तापाचे औषध सुचवले. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

सिरिंजने भरवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मळमळ थांबलेली असेल, मांजर गिळत असेल आणि चार घास पोटात गेल्यावर ते स्वतः खायला लागण्याची शक्यता असेल, तर थोडे दिवस भरवावे. सुळ्याच्या मागच्या फटीतून, बाजूने, एकेक मिलिलिटर, डोके वर न उचलता, प्रत्येक वेळी गिळण्याची वाट पाहत. घाईत अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसात संसर्ग होतो. तीन किलोच्या मांजराला नुसते पडून राहायलाही दिवसाला सुमारे 160 कॅलरी लागतात. तेवढे सिरिंजने घालायचे म्हणजे दिवसभर त्याच्याशी झटापट करणे होय. त्यापेक्षा मानेतून अन्ननलिकेत घालायची नळी कितीतरी दयाळू असते. भूल देऊन ती बसवतात, आणि मग अन्न, पाणी आणि औषध तिन्ही तोंडाला हात न लावता देता येतात. नळी दिसायला भयंकर दिसते म्हणून लोक नाही म्हणतात, ते मला योग्य वाटत नाही. आम्ही नळीची तयारी ठेवली होती, पण ठकू खायला लागली आणि ती वेळ आली नाही.

तिचे वजन 3.1 किलोवरून 3.5 किलोपर्यंत चढले. सासूबाई तिला दुपारी आपल्या खाटेवर घेऊन बसू लागल्या आणि सलाईनच्या दिवशी पाणी तापवायला ठेवण्याची आठवण त्याच करून देत. उन्हाळा बरा गेला. रक्तदाब वाढला होता म्हणून अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले. या आजारात रक्तदाबाकडे लक्ष दिले नाही तर मांजराला अचानक अंधत्व येऊ शकते.

पावसाळ्यात मात्र चित्र बदलले. क्रिएटिनिन पाचच्या वर गेले, रक्त कमी होऊन हिरड्या पांढऱ्या पडल्या. मूत्रपिंडे रक्तनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक बनवतात, तेच आता पुरेसे बनत नव्हते. आम्ही तीच उजळणी पुन्हा केली: मळमळ, तोंड, शौच, पोटॅशियम, पाणी. या वेळी सगळे जागेवर असूनही ती वाटीपर्यंत येत नव्हती. हिवाळ्यातली ठकू आणि आताची ठकू यांत हा फरक होता आणि तो मला महत्त्वाचा वाटला. मॅडमनी डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांची मोजपट्टी दिली. तिच्यात वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे असतात आणि बेरीज 35 च्या वर असेल तर काळजी घेत राहणे रास्त मानतात. मी, यजमान आणि सासूबाई यांनी एकमेकांना न दाखवता आपापल्या कागदावर गुण लिहिले. तिघांचीही बेरीज 35 च्या खाली आली. सासूबाईंचे गुण सर्वांत कमी होते.

मॅडम घरी आल्या. त्यांनी आधी गुंगीचे इंजेक्शन दिले आणि ठकू गाढ झोपल्यावर भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली. तिला वेदना झाली नाही. घरी येणारे डॉक्टर मिळतील का, ही चौकशी आम्ही ती बरी असतानाच करून ठेवली होती. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे, तिचीही माहिती आधीच काढली होती. अशी चौकशी आधी करून ठेवणे काहींना अशुभ वाटते, पण त्यामुळेच त्या सकाळी आम्हाला फोन फिरवत बसावे लागले नाही आणि डॉक्टर येईपर्यंतचा सगळा वेळ आम्ही तिघेही तिच्याजवळ बसू शकलो.